दर

भिंत सोसायटीच्या गोदामाची, बेळगुंदीच्या फाट्यावर.
पांढरा हात मी मारला, दोनदा,
चौरस फुटाला नऊ रुपये.
वर चित्र काढायला आली निवेदिता, बेंगळुरूहून.
तिचा दर मी विचारला नाही.
तिनं सांगितला असता, म्हणून.

मी सातेरी पेंटर.
फ्लेक्स आल्यापासून माझ्या वाट्याला उरलेत
ट्रॅक्टरचे नंबर आणि देवळातले देणगीदार.
अक्षर मात्र दोन्ही येतं,
सकाळी कन्नड, दुपारी मराठी,
ब्रश तोच, रॉकेलात बुडवून.

तिनं तुळसाक्काला उभं केलं.
डोक्यावर बुट्टी, बुट्टीत रताळी,
माती लागलेली, धुवायची नाही म्हणाली.
जरा हसा, म्हणाली.
बुट्टीखाली मान हसत नाही,
हे तिला कोण सांगणार.

मातीचा लाल काही जमेना.
सात डबे मिसळले, कधी विटेचा झाला, कधी कुंकवाचा.
शेवटी तुळसाक्कानं टाच खरवडली,
भिंतीला बोट पुसलं.
हा घे.

दोन तासांनी बुट्टी उतरवत तिनं विचारलं,
"मी उभा राहिलो ते कामात धरणार, का असंच?"
निवेदितेला कळलं नाही.
निंगव्वानं कन्नडात सांगितलं,
सांगताना स्वतःच फिसकन हसली,
तुळसाक्काही हसली.
ते हसू चित्रात आहे, डाव्या अंगाला.

निवेदितेनं पाचशेची नोट पुढं केली.
तुळसाक्कानं ती घेतली नाही, बघितली.
"दोन तासाचं हे?
मग आमच्या दिवसाला काय म्हणायचं?"

कुणाला सुचलं, आता आठवत नाही:
चित्राखाली दर लिहायचा.
रताळी काढायला
बाप्याला साडेचारशे, बाईला अडीचशे.
सरी एकच, इकडून तो, तिकडून ती.

सेक्रेटरी म्हणाले, कन्नडात लिही, वरून विचारतील.
चौकातली पोरं म्हणाली, मराठीत, नाहीतर डांबर.
चहा दोनदा आला.
दुपार त्यातच गेली.
अडीचशे का, हे काही निघालं नाही.

मी दोन्हीत लिहिलं.
दोन वेगळा वळतो, पाच वेगळा,
चाराला तर पूर्ण मनगट फिरवावं लागतं.
शून्य तेवढं दोन्हीकडं सारखं,
चुन्याच्या डबीच्या झाकणावरून काढलेलं.

दुसऱ्या दिवसापासून लुमाण्णा मुकादमाचा टेम्पो
पिंपळाखाली थांबायचा सोडून
भिंतीला लागून थांबायला लागला.
ऊन लागतंय म्हणाला,
पिंपळाखाली.
रताळी दिसतात, बुट्टी दिसते, हसू दिसतं,
आकड्यांच्या जागी टेम्पोचा पत्रा
आणि पत्र्यावर आईचा आशीर्वाद.
तेही अक्षर माझंच, उधारीतलं.

पण टेम्पोला शेतात तर जावंच लागतं.

सव्वासातला बायका मागं चढतात.
बसायला जागा नसते,
डबे पायात, तोंड मागं,
फाळका लागतो, गाडी हलते,
आणि भिंत उघडी पडते.
राकसकोपच्या वळणापर्यंत
दुसरं बघायला काही नसतं.

निंगव्वाला वाचता येत नाही.
आपला आकडा कुठला, तेवढं तिनं विचारून घेतलंय.
तो नखाएवढा होईपर्यंत ती बघते.

परवा पाणी प्यायला थांबली तर म्हणाली,
पेंटर, लांबून दोन्ही सारखेच दिसतात की रे.

होय. उंची मी सारखी ठेवलीय,
हातभर, दोऱ्यानं मापून.