बहात्तर तास

मतदान उघडलं तेव्हा नळाला पाणी होतं.
रात्रीचे अकरा चाळीस, विडी घरकुल.
आई पिंपं भरत होती, एकेक झाकण दाबून,
आणि मी पत्र लिहीत होते सगळ्यांना:
आवृत्ती चार पूर्णांक दोन, उमेदवार पहिला.
उतरवून घ्या. सही तपासा. बेरीज जुळते का बघा.
आपल्या यंत्रावर, आपल्या हातानं बांधून बघा.
मग लिहा, अधिक एक, शून्य किंवा उणे एक.
मुदत बहात्तर तास.

म्हणजे पुढचं पाणी यायच्या आत.

नियम पाठ आहेत मला.
किमान तीन अधिक, तेही समितीतल्यांचे.
उण्यांपेक्षा अधिक जास्त.
आवृत्ती अडवायचा हक्क एकट्या कुणालाच नाही.
गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.
हे शेवटचं आमच्या गल्लीत कुणी मानत नाही,
माझ्या बहिणीचं लग्न तिच्या गप्प राहण्यावर ठरलं.

पहाटे चारला इल्वाचं मत आलं, रीगाहून.
बांधलं. चाललं. सही खरी.
तिचा चेहरा मी पाहिलेला नाही,
पण सात वर्षांत तिनं
न बांधता अधिक लिहिलं नाही एकदाही.

दुसरं माझं.
आपल्याच कामाला आपलं मत चालतं,
फक्त परक्यासारखं तपासावं लागतं,
सगळं पुसून, कोऱ्या यंत्रावर, नव्यानं उतरवून.

नायना शेडवरून आला.
कानात अजून माग चालू, म्हणून मोठ्यानं बोलतो.
किती झाली?
दोन.
किती लागतात?
तीन.
आणि एकानं नको म्हटलं तर?
तरी सुटते, नायना. बहुमत.
तो हसला नाही.
आमच्याकडं ताण्याला अडीच हजार धागे.
एक तुटला की पट्टी पडते, माग उभा राहतो.
एकच, बघ.
आणि तंबाखू मळत बसला,
जणू माझ्या नियमात एक गाठ मारायची राहिलीय.

साठाव्या तासाला उणे एक.
श्रीशैल बिराजदार, वळसंग.
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, समितीत नाही,
त्याचं मत मोजत नाहीत, वाचतात.
त्यानं लिहिलं होतं:
ओळ मोडताना तुमचा प्रोग्राम अर्धा र गिळतो.
मी दऱ्या लिहिलं, दर्या उमटला.

सोलापुरात दोन्ही नाहीत.
तरी मी दुपारभर तेच बघत बसले,
पंखा बंद, लाइट गेलेली, लॅपटॉप एकवीस टक्क्यांवर.
दोष खरा होता. आणि जुना,
तीन आवृत्त्या आमच्यासोबत गुपचूप चालत आलेला.
या आवृत्तीत मात्र एक भोक बुजवलं होतं
ज्यातून कुणीही कुणाच्याही फायली वाचू शकला असता.
ते थांबवून चालणार नव्हतं.

संध्याकाळी बोनिफासचं आलं, नाकुरूहून.
त्या मुलाचं वाचलं. खरं आहे. तरी सोडा. अधिक एक.

तीन अधिक. एक उणे, न मोजलेलं.
नियमानं झालं.
पण मोजणाऱ्याच्या हातात एक गोष्ट उरतेच,
मोजून झाल्यावरही मागे घ्यायची.
ती मी बराच वेळ हातात धरून होते.

नायना चादरींच्या घड्या घालत होता.
फुलाची एक पाकळी चुकलेली चादर त्यानं फाडली नाही,
चांगल्यांच्या गठ्ठ्यातही घातली नाही.
वेगळी घडी, कोपऱ्यात खडूची रेघ.
गिऱ्हाइकाला रेघ दाखवूनच विकायची,
हा त्याचा नियम कुठं लिहिलेला नाही.

अकरा एकेचाळीसला निकाल लिहिला.
अधिक: इल्वा, बोनिफास, मी.
उणे: श्रीशैल बिराजदार. मत बंधनकारक नाही, दोष खरा आहे.
आणि आवृत्तीच्या टिपणात, सगळ्यात वर:
माहीत असलेले दोष, एक. दऱ्या.

मग सोडली.

श्रीशैलचं उत्तर आलं नाही.
त्याचा अर्थ मी लावला नाही.
नळ खाकरला, आधी नुसती हवा,
आई पिंपाचं झाकण काढून उभी.