अक्षरामागे नऊ रुपये

साकोलीहून पळसटोल्याकडे जाताना
वसुलीसाहेबाने जीपमध्ये पेपर पसरला.
देशभरात घरकर्जं वाढली,
ताब्यात घेतलेली घरं कमी झाली.
आलेखाची रेघ घसरगुंडीसारखी,
आणि दशांश चिन्हानंतरही दोन आकडे.
"सुधरून राहिलं सगळं, पेंटर."
माझ्या मांडीवर लाल ऑइलपेंटचा डबा,
झाकण नीट बसत नव्हतं,
मी हाव म्हटलं आणि डबा धरून बसलो.

माझ्याकडेही एक वही आहे, शंभर पानी.
या सालात लग्नाच्या भिंती एकेचाळीस,
किराणा दुकानं नऊ, मोटरपंपाच्या जाहिराती तेवीस,
शाळेचे सुविचार अकरा, ग्रामपंचायतीकडे पैसे बाकी.
ताबा: सहा.
मागच्या सालात ताबा दोन होते.
माझ्या वहीची रेघ कोणी ओढत नाही,
ओढली तर ती चढणीची निघेल.

भिंत ओळखीची निघाली.
घरात शिरले त्या दिवशी हिच्यावरच मी
निळ्या रंगात लिहिलं होतं 'शहारे निवास',
खाली सावली दिली होती, सावलीचे पैसे घेतले नव्हते.
कर्ज छबिताच्या नावानं, कारण
बाईच्या नावानं व्याज पाव टक्का कमी.
मग मिलमध्ये तांदूळ निवडणारी मशीन आली,
रुपचंदची ड्युटी आधी अर्धी झाली, मग नाहीच.
आता तो हैदराबादेत
दुसऱ्यांच्या बिल्डिंगांना लिफ्ट बसवतो.
सोळाव्या मजल्यावरून फोन करतो म्हणे,
खाली रेंज नसते.

साहेबाने चिठ्ठी दिली. मी लिहीत गेलो.
सदर मालमत्ता बँकेच्या ताब्यात आहे.
कोणीही व्यवहार करू नये.
पोरगी मागं उभी, सहा-सात वर्षांची, सानू.
"बँकेच्या डोक्यावर चंद्र कायले काढला?"
मी म्हटलं, तसंच लिहितात, बाई.
"अन् टिकली?"
टिकलीपण.

मग शेवटची ओळ. कर्जदार: छबिता रुपचंद सहारे.
छबिता बोट न लावता, लांबूनच वाचत आली
आणि त्या नावाशी थांबली.
"भाऊ, आमी सहारे नाही. शहारे."
साहेब म्हणाला, कागदावर असंच आहे.
"मंग सहारेचं घर न्या ना बाप्पा,
माहं कायले नेता?"
शेजारपाजारचे हसले. साहेबही हसला.
ती नाही हसली.
"नेता तं न्या. माह्या नावानं न्या."
साहेबाने मोबाइलवर फोटो काढला,
तारीख-वेळ येते त्यात, तसा,
आणि तिथूनच वर पाठवून दिला.
कुलूप नवीन होतं, किल्ली तीनदा फिरवावी लागली.

त्या रात्री मी मोपेड काढली.
बायकोला सांगितलं, ब्रश विसरलो.
टॉर्च दातात धरून स खरवडला,
भिंत अजून ओली होती, सोपं गेलं,
आणि तिथं श बसवला.
जागा कमी पडली. थोडा चेंगरलेला आहे,
खाली एक ओघळ आला तो पुसायला चिंधी नव्हती.
आत कोणी नव्हतं. ती माहेरी गेली होती, लाखनीला.
हे कोणासाठी करून राहिलो,
ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

घरी येऊन वहीत लिहिलं,
ताबा सहावा, ब्याऐंशी अक्षरं, सातशे अडतीस.
श धरला नाही.

पुढच्या महिन्यात बिल पास झालं.
कोणी काही कापलं नाही.
साहेबाच्या फोटोत अजून स आहे,
आणि तो फोटो जिथं कुठं मोजला गेला असेल,
त्या आकड्यात, दशांशाच्या डावीकडे की उजवीकडे,
एक सहारे बाई आहे
जी पळसटोल्यात कधी राहिलीच नाही.