नियम अकरावा

विट्यात, मायणी रोडला, टायर रिमोल्डच्या दुकानावर
आमचा रमी क्लब.
जिना लोखंडी. रबराचा वास वरपर्यंत येतो,
पत्त्यांनाही लागतो, पिसताना कळतं.
भिंतीवर दहा नियम, माझ्या अक्षरात.
मी इथला पंच.
त्याआधी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात,
काट्यांवर शिक्के मारत
तासगाव, सांगली, पुन्हा तासगाव.

मंगळवारी बाबालाल मुलाणीनं पानं मांडली.
‘शो’ म्हणाला,
आणि अंग मागं टाकून चंची सोडली.
बिरू नवा पोरगा, लागून दहा दिवस झालेले.
चहाचे ग्लास उचलता उचलता
त्याला वाटलं डाव संपला.
पानं गोळा केली, गड्डीत सारली,
वर दोनदा थोपटलंसुद्धा.

‘मोजली कुणी?’ उत्तमशेठ म्हणाले.
कोइमतूरला सोनं गाळणारा माणूस,
आवाज चढवत नाहीत.

नियम सहा: मोजणीआधी पानं गड्डीत गेली
तर हात बाद, पूर्ण ऐंशी.
चौकटची सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी
मी पाहिली होती.
चार पानं. तेरा नाही.
शेठ समोरच बसले होते. त्यांना विचारलं.
ते म्हणाले, ‘मी माझी पानं बघत होतो.’
हेही खोटं म्हणता येत नाही.

ऐंशी गुण, गुणाला दहा.
बाबालालनं टेम्पोच्या भाड्यातल्या नोटा मोजल्या,
दोनदा मोजल्या.
‘सायेब, तुमी नियम बघितलासा.
पानं कुणी बघितली?’
बिरू जिन्यात उभा होता, ग्लास हातातच.

रात्री झोप नाही.
तासगावातला एक बेदाणेवाला आठवला,
नाव गेलं, दुकान आठवतं.
त्याचा काटा बारा ग्रॅमनं चुकत होता.
पारडं उलटं केलं तर खाली कुंभारणीचं घर,
मातीचं, नीट लिंपलेलं, आत अळी.
तेही वजनाच्या बाजूला.
म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त जात होतं,
वर्षभर तोच बुडत होता.
मी दंड केला.
काटा चुकला की चुकला,
कुणाच्या बाजूनं, हे रकान्यात नव्हतं.
त्यानं पावती घेतली आणि विचारलं,
‘आता हे घर मोडू का?’
मी सही करत होतो.

बुधवारी सकाळी लवकर गेलो.
दहाच्या खाली जागा थोडीच होती.
अकरा: पंच मान हलवेपर्यंत
मांडलेल्या पानांना कुणी हात लावायचा नाही.
मार्कर संपत आला होता,
‘नाही’ पुसट उमटलं.
बिरूनं एकेक अक्षर लावत वाचलं.
‘हे माझ्यामुळं का?’
नाही म्हणालो.
तोंडी म्हटलेलं जरा ठळक निघालं.

शेठ आले, वाचलं, म्हणाले, ‘बरं केलंत.’
आणि बसले.

बाबालाल येणार नाही असं वाटलं होतं.
नऊला आला. भिंतीकडं पाहिलंच नाही.
तिसऱ्या डावात त्यानं पानं मांडली,
‘शो’ म्हणाला,
आणि दोन्ही तळवे त्यांच्यावर पालथे ठेवले,
खुडूक कोंबडी धरावी तसे.
मी म्हणालो, ‘हात काढ, मोजू दे.’

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.
हात अजून तिथंच होते.