बारावी ओळ

पाण्याच्या पातळीखाली, डेक शून्यवर, लाँड्रीच्या शेजारी
माझं छापखान्याचं खोपटं.
चार वाजता वरून फाइल येते,
साडेपाचला सातशे मेनू वर गेलेले हवेत,
कोपरा न दुमडता, शाई न फासता.

मी शिजवत नाही. वाढतही नाही.
फक्त नाव देऊन उभं करतो एकेकाला
सायीच्या रंगाच्या जाड कागदावर, मधोमध:
'आजची ताजी मासळी',
जी अकरा दिवसांपूर्वी सिएटलच्या धक्क्यावर
विटेसारखी टणक, खोक्यांतून चढताना
मी स्वतः पाहिली.
'ताजी' हा शब्द मी तिरक्या अक्षरांत छापतो.
तेवढीच माझी कबुली.

लोंबीचं चित्र म्हणजे ग्लूटेन नाही,
पानाचं म्हणजे मांस नाही,
हृदयाचं म्हणजे मीठ कमी.
(हृदय नेहमी ओळीबाहेर जातं. लहान करावं लागतं.)

जूनोच्या रात्री बेक्ड अलास्का असतोच.
बाहेर खरी अलास्का काचेला नाक लावून उभी,
आत अंड्याच्या फेसाची, भाजलेली, गोड.
लोक डोक्यावर नॅपकिन फिरवतात
आणि फोटो आतलीचे काढतात.

त्या गुरुवारी फाइलमध्ये अकराच पदार्थ आले.
बाराव्या ओळीची जागा मोकळी.
आदल्या रात्री लिओन्सियाचा फोन आला होता:
आई आता उखळापाशी बसत नाही,
मुसळ उचलतं पण खाली कुठं पडेल सांगता येत नाही.

मी टाइप केलं:
'हुदुत. कच्च्या-पिकल्या केळ्यांचा कुटलेला गोळा,
नारळाच्या दुधात शिजवलेला मासा.
त्रिउन्फो दे ला क्रूस पद्धतीनं.'
लोंबी लावली. पान नाही.
हृदय लावता येईना,
आई मिठाला कधी हात आखडता घेत नाही.

पहिल्या पंगतीत त्रेसष्ट जणांनी मागवलं.

त्रेसष्ट.
बीफ वेलिंग्टन एकेचाळीसवर अडलं.
फोनवर हेड शेफ ग्राडल,
चिडला की आवाज खाली आणणारा माणूस:
"नोरालेस, हे काय आहे?"
जेवण, मी म्हटलं.
"माझ्याकडे हिरवी केळी नाहीत."
माहीत आहे.
बराच वेळ नुसती भांडी वाजत राहिली त्याच्या बाजूला.
मग: "दुसऱ्या पंगतीआधी पट्ट्या छाप."

'क्षमस्व, आज उपलब्ध नाही.'
चारशे पट्ट्या, माझ्याच हातांनी चिकटवल्या,
माझ्याच ओळीवर.
तीन दिवसांचा पगार गेला, ते वेगळं.

रात्री एकला क्रू मेसमध्ये
भात, सुकी मासळी, परवाचं कलिंगड.
सुत्रिस्नो समोर येऊन बसला, बूट काढले,
पाय बाकावर घेतले आणि सांगू लागला:
टेबल एकतीसवर मिसेस ओलेनिक म्हणून आहेत,
सास्काचेवानच्या, दरवर्षी एकट्या येतात,
चारदा मेनू वाचून शेवटी सामनच मागवतात.
आज त्यांनी पट्टी नखानं उचकटली.
म्हणाल्या, मिळत नाही ते असू दे,
लागतं कसं ते सांग.

वाढप्यानं 'ठाऊक नाही' म्हणायचं नसतं,
पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
म्हणून त्यानं सांगितलं:
आधी नारळ येतो जिभेवर, मग हळद,
मग मिरची जरा उशिरा, मागच्या दारानं,
आणि तळाशी कोवळा फणस, दाताला न कळणारा.

हुदुतमध्ये फणस नसतो, मी म्हटलं.
"आमच्या घरी असतो," तो म्हणाला,
आणि भातातून काटा वेचून ताटाच्या कडेला ठेवला.

मग? म्हातारी काय म्हणाली?

डोळे मिटून ऐकत होती म्हणे.
मग म्हणाली, "हं. आम्ही यात बीट घालायचो."
आणि सामन मागवला.
मेनू पर्समध्ये ठेवला, पट्टीसकट.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फाइल आली.
बारा पदार्थ होते.
मी दोनदा मोजले.