दुसरा ब्रेक

सव्वीस वर्षं माझ्या पायाखाली
एक जादा ब्रेक होता.
शिकाऊ गाडीला तो डावीकडं बसवून घ्यावा लागतो,
आणि पहिल्या दिवशी पोरांना सांगायचा नसतो.

तरी कळतंच.
गंगावेशीत म्हैस आडवी आली
आणि आपण काही न करता गाडी थांबली,
की चेहऱ्यावर उमटतं त्यांच्या.
दुसऱ्या दिवसापासून
पाय सुस्तावतात.

शमशाद नायकवडीचा नाही सुस्तावला.
पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
"मास्तर, पाय वर घ्या. मला बघायचंय."
मी सीटवर मांडी घालून बसलो.
सायबर चौकापर्यंत
शर्ट पाठीला चिकटला होता.

आता ती जनावरांची डॉक्टर आहे, राधानगरीकडं.
परवा पेढे घेऊन आली, नवी गाडी दाखवायला.
पट्ट्यांच्या मधून आपली आपण चालते,
पुढच्याशी अंतर राखते,
हात सुटला तर टुंग करून रागावते.
कागलपर्यंत मला कौतुक वाटलं,
खोटं कशाला बोलू.
कुणाला शिवी नाही, कुणाला कट नाही,
ट्रकमागं अशी गुमान
की हॉर्न आहे का नाही ते मी शोधलं.
इतका शहाणा माणूस
मी एकही घडवला नाही.

ती एका अडलेल्या म्हशीचं सांगत होती,
रेडकू कसं ओढलं, कोपरापर्यंत आत,
दोन्ही हातांनी दाखवत.
टुंग.
"हो गं बाई," ती गाडीला म्हणाली,
आणि एक बोट ठेवलं.

रात्री मला हळदीला सोडायला
तिनं राधानगरीचा रस्ता धरला.
तिथं पट्टे नाहीत.
पडद्यावरच्या हिरव्या रेघा विझल्या.
म्हशीची गोष्ट चालूच होती.

सीझनचे दिवस. कारखान्याकडं निघालेली
उसाची जोडट्रॉली,
मागं ना दिवा, ना लाल फडकं.
फक्त वाढं हलत होतं,
अंधारापेक्षा थोडं जास्त काळं.

गाडी थांबली.
पेढे सगळे पायात.
काचेपुढं हातभरावर उसाची पानं.

"थांबली ती," शमशाद म्हणाली.
मग थोड्या वेळानं, "का मी?"

मला काय माहीत.
माझा उजवा पाय रबरी मॅटमध्ये
रुतून बसला होता,
जिथं काहीच नव्हतं.

ती उतरली, पळत जाऊन ट्रॅक्टर थांबवला.
माझ्या पिशवीतली लाल एलची पाटी
मागच्या उसाला सुतळीनं बांधली.
पोरगा कानातली वायर काढत म्हणाला,
"मॅडम, मी काय शिकाऊ न्हाई."
"असू दे," ती म्हणाली.

हळदीपर्यंत कुणी बोललं नाही.
तिचे हात घड्याळातल्या दहा-दहावर,
पहिल्या दिवशी शिकवले तसे.
गाडीनं एकदाही टुंग केलं नाही.
केलं असतं तर बरं झालं असतं,
असं मला का वाटावं,
कुणास ठाऊक.