चाळणीत उरलेलं

येरवड्याच्या टेकाडावर, दुसऱ्या मजल्यावर,
मी दिवसाला चाळीस दात निवडते.
शून्य नंबरचा ब्रश, टोक ओठांत ओलं करून
(ओतूरकर मॅडम रागावतात, तरी)
राळ्याच्या दाण्याएवढी दाढ उचलायची,
काळ्या कागदावर ठेवायची.
मग पुढची.

माती जैसलमेरच्याही पलीकडची.
गोणीतून आली, पुण्याच्या नळाखाली विरघळली.
बेसिनमध्ये गाळ गेला, चाळणीत उंदीर उरले.

उंटाचं काय, उंट चालून जातो.
हरणाला पाय आहेत आणि दुसरीकडे पाऊस.
उंदीर जन्मल्या बिळापासून
हाकेच्या अंतरावर मरतो,
म्हणून साक्ष काढायची ती त्याची.

तिसऱ्या थरात पुढच्या दाताला उभी खाच: जर्बिल.
दाढा झिजून पार सपाट,
गवतापेक्षा वाळूच जास्त चावली बिचाऱ्याने.
सहाव्या थरात त्याचा मागमूस नाही.
तिथे एक जाडजूड, दलदलीतला,
लव्हाळ्याची मुळं खाऊन माजलेला.
म्हणजे तळं होतं.
आज जिथे माणूस पाण्यासाठी
उंटावर दिवस घालवतो, तिथे.
खाली गेटातून टँकर आत वळतोय,
रिव्हर्सचं गाणं वाजवत.

आणि हे सगळं जमवलं कुणी, तर घुबडाने.
गिळलं, पचेना ते गोळा करून
कपारीखाली ओकून टाकलं,
रोज रात्री, बिनचूक.
आमच्या खात्यात इतकी नियमित नोंद
कुणाचीच नाही.

सोमवारी गोदाम उघडलं तर
घुशीने पिशव्या फाडलेल्या.
चौथा थर पाचव्यात सांडलेला,
चिठ्ठ्यांचा नुसता भुगा.
दोन वर्षांचं काम, आणि चार-पाच हजार वर्षांचं.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
वहीत लिहिलं, "थर ४-५, मिश्र",
आणि चष्मा पुसत बसल्या.

तिकोणेंनी पिंजरा लावला, आत कांदाभजी.
सकाळी ती होती.
मला राग यायला हवा होता;
मी बॅटरी घेऊन तिच्या तोंडात पाहत बसले.
नारिंगी दात, खाच नाही,
ओल्या जागेची, भरल्या पोटाची.
पुण्याबद्दल कुणी कधी विचारलं
तर हिला विचारतील.

दुपारी तिकोणे रिकामा पिंजरा घेऊन परतले.
"नदीकाठी सोडली, पुलाखाली.
तिथं ते मोठं घुबड बसतं बघा."

मी ब्रश खाली ठेवला.
"नेमक्या कुठल्या कमानीत?"