त्रेचाळीस वाव

होडी बांधताना बाबा लाकूड वाढवायचा,
दर्यासमोर जाड असलेलं बरं म्हणून.
या वेळी पाच वर्षं तो फक्त कमी करत राहिला.
रंध्याखालची शिवणीची सोलपटं आई चुलीला नेई
आणि म्हणे, निम्मं विमान तर मी पेजेखाली जाळलं.

दोन तुकडे चिकटवून रात्रभर ठेवायचे,
सकाळी पायाखाली घेऊन मोडायचे.
"मोडलां तर लाकूड मोडूक व्हया, सांधो नको."
सांधा सुटला त्या दिवशी
तो कुणाशी बोलत नसे.

वजन केलं बंदरावरच्या तीन काट्यांवर:
एकशे बासष्ट किलो,
आणि थोडा सुरमईचा वास.

खुर्ची एकच.
म्हणजे शिकवणारा शेजारी बसणार नाही,
घाबरल्यावर बघायला दुसरं तोंड नाही.
कागद दिल्लीला गेले होते ते तिथेच रमले,
म्हणून ठरलं, आज नुसतं धाववायचं.

अवसेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेची सुकती.
तोंडवळीची वाळू तेव्हा तासभर
सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट.
मतलई पडलेली, खारा वारा उठायचा होता.
उजव्या पंखाशी इनास, डाव्याशी मी,
धावता धावता पंख हलका झाला,
मग त्याला माझ्या हाताची गरज उरली नाही.

इंजिन बंद करूनही बाबा आतच बसून राहिला.
"सुटलां काय?"
आम्ही दोघं एकदम हो म्हणालो.
त्याला पटलं नाही. उतरला, उलट चालत गेला.

आधी शेपटीची खरड संपली होती,
पुढे चाकांच्या रेघा बारीक होत होत
थांबल्या.
मग कोरी वाळू, एक कुर्ली, तिचं आपलं चाललेलं.
मग डाव्या चाकाची खोल खूण,
जरा पुढे उजव्याची.

इनासने रापणीचा दोर आणला.
बाबा दोन्ही हात ताणून मोजू लागला,
एक वाव, दोन वाव,
त्रेचाळीस वेळा हात पसरले
आणि मिटले.
शेवटी शेवटी पाणी त्याच्या घोट्यांना लागत होतं.

त्याने दोराला तिथे एक गाठ मारली
आणि दोर परत दिला.
रापणवाले अजून विचारतात,
ही गाठ कसली, सोडू काय?